तळेवाडीच्या वळणावरची गर्दी

आगरदांड्याच्या धक्क्यावर मी पोचले आणि समोरून बोट सुटली. माझ्या नशिबात पहिली बोट कधीच नसते. पहाटे पनवेलहून निघून, अलिबाग-मुरूड करत, दोनदा एसटी बदलून इथवर आले होते. ही बया मात्र गाड्या घेऊन खाडीतून डुलत चालली होती. तिला इकडे सगळे ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. जंगल कुठेच नाही. माणसं, मोटारसायकली, टेम्पो असं सगळं एकाच लोखंडी पाटावर उभं राहून पलीकडे दिघीला जातं. माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला हे बघूनच मजा वाटते. आमच्याकडे गाडी पाण्यात गेली की पंचनामा होतो.

पुढच्या बोटीला वेळ होता म्हणून चहा घेतला, दोन पाव खाल्ले आणि बॅग तपासली. तर गाड्या मोजायच्या कॅमेऱ्याचा चार्जर पनवेलला भिंतीतच राहिलेला! आता दिवसभर रस्त्याकडेला बसून हातानं रेघा मारणं आलं. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि तिसरा पाव मागवला.

माझं कामच ते. कुठे नवी वसाहत होणार असली की तिच्यामुळे वाहतूक किती वाढेल, धूर किती वाढेल, ते मोजून अहवाल लिहायचा. बोर्ली पंचतनच्या पुढे तळेवाडी नावाची वाडी आहे आणि तिच्या वर सडा (डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ). त्या सड्यावर समुद्र दिसेल अशा इमारती उभ्या करायचा एका बिल्डरचा बेत होता, आणि तिथे जाणारा रस्ता तळेवाडीतूनच वर चढतो.

दिघीला उतरल्यावर मिनीडोर (इकडची सहा आसनी रिक्षा) मिळाली. चालक रशीदभाई, पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया. शेजारी बसवून घेतलं आणि बोर्ली येईपर्यंत माझी पूर्ण जबानी घेतली.

“मंजे मॅडम, रस्त्यावर बसून गाड्या मोजनार? ह्याचा पगार मिलतो?”

“मिळतो की.”

“माशाल्ला! आनि लय गाड्या भरल्या तर?”

“मग सरकारला काहीतरी करावंच लागतं,” मी झोकात म्हणाले. हे वाक्य मला फार महागात पडणार होतं, पण तेव्हा मी खिडकीतून भाताची कापलेली खाचरं आणि त्यांत उगवलेले वाल बघण्यात दंग होते. रशीदभाईंनी मात्र एकदम वेग कमी केला. मला वाटलं, वळणं अवघड आहेत म्हणून.

तळेवाडीत लॉज नाही. “बाईंकडं ऱ्हावा, दुसरीकडं कुटं जातंय,” म्हणत त्यांनी मला सुलभा जाधव या शिक्षिकेच्या दारात उतरवलं. सुलभाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. निम्मी वाडी त्यांच्या हाताखालून गेलेली. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी, आणि रस्ता त्या पडवीला वळसा घालून वर सड्याकडे जातो. आत बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांचं कपाट आणि चुलीवरच्या भाकरीचा वास. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) आणि सुकटाची चटणी. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते विचारू नका, मोजायचं काम दुसऱ्या दिवसापासून होतं.

जेवताना मी बडबडले, “आधीच्या अहवालात या वळणावर गाड्या अडतात असं लिहिलंय. रुंद करा म्हणतात.”

“हो, माहीत आहे,” सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पानात आणखी बिरडं वाढलं. “रुंद करायचं म्हणजे ही पडवी आणि तुम्ही बसलात ती खोली जाणार. वडिलांनी गिरणीत राबून बांधली. गावकुसाबाहेरचं घर सोडून आमच्यातलं पहिलं घर रस्त्याला लागून उभं राहिलं ते हे.”

आजवर किती अहवालांत मी ‘वळण’ असं लिहिलं असेल! त्या शब्दाच्या आत कुणी भाकरी थापत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. शरम वाटली, अगदी खरी.

सकाळी सात वाजता मी समोरच्या पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले. सुलभाताई शाळेत गेल्या. पहिल्या तासात जेमतेम वर्दळ. आठनंतर जी रांग लागली! मोटारसायकल, टेम्पो, मिनीडोर, पुन्हा मोटारसायकल. रेघा मारता मारता बोटं दुखायला लागली. एवढ्याशा वाडीत ही गर्दी? दादरला तरी बरी.

दहाच्या सुमाराला एका टेम्पोत बोकड दिसला. गळ्यात लाल फीत, चेहऱ्यावर कंटाळा. थोड्या वेळानं पुन्हा बोकड, पुन्हा लाल फीत. तिसऱ्यांदा तो दिसला तेव्हा आमची नजरानजर झाली. पाठोपाठ रशीदभाईंची मिनीडोर आली, पुढे स्टीलचा डबा मांडीवर घेतलेली तीच काकू. तिनं आधीच्या दोन फेऱ्यांत तोंड फिरवलं होतं. या वेळी चक्क हसून हात हलवला.

मी उठून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. राग आला की माझं नागपूर बाहेर येतं. “भाऊ, काहून गोल गोल फिरून राहिले तुम्ही? सकाळपासून माझ्या डोक्याची मंडई केली!”

मिनीडोर थांबली. मागे टेम्पो थांबला. त्यामागे सगळी वरात. रशीदभाई खाली उतरले, टोपी सारखी केली.

“मॅडम, तुमीच बोल्ला. लय गाड्या भरल्या तर सरकार काय तरी करतंय. आमी म्हटलं, येवडी गर्दी दावू का गावाभायरून नवीन रस्ताच काडतील. मंग बाईंचं घर ऱ्हाईल.”

“व्हय,” टेम्पोवाला म्हणाला, “म्या तर भात भरडायचं सोडून आलोय.”

मी डोक्याला हात लावला. “अहो, उलटं केलंत! इथे जितक्या गाड्या अडलेल्या दिसतील तितकं हे वळण रुंद करायचं कारण पक्कं होतं. तुम्ही सकाळपासून बाईंचं घर पाडायच्या कामाला लागलाय!”

डब्यावाल्या काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोष त्यांचा नव्हताच. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

तेवढ्यात मधल्या सुट्टीत सुलभाताई आल्या. कुणीतरी शाळेत जाऊन सांगितलं असणार. त्यांनी एकेकाकडे असं पाहिलं की चाळिशीतली माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

“उद्या कुनीच गाडी काडायची न्हाय,” टेम्पोवाल्यानं तोड सुचवली. “सुनसान करून टाकू. भोपळा लिवा मॅडम.”

“तेही नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “आज खोटी गर्दी, उद्या खोटा शुकशुकाट? मी तुम्हाला हेच शिकवलं का? जे आहे ते मॅडमना मोजू द्या. त्यात घर गेलं तर जाईल.” मग त्या तडक शाळेकडे चालू लागल्या.

सकाळचा सगळा कागद मी रद्द केला आणि तो का रद्द केला तेही खाली लिहिलं. बोकडासकट.

आमच्या कामात हल्ली एक दुसरी मोजणी आली आहे. पूर्वी फक्त चौकात गाडी किती वेळ खोळंबते ते बघायचे आणि रस्ता रुंद करून मोकळे व्हायचे. आता काही शहरं निराळा प्रश्न विचारतात: नव्या घरात राहायला येणाऱ्या माणसाला रोजच्या कामांसाठी किती किलोमीटर गाडी हाकावी लागेल? धूर त्या किलोमीटरांचा असतो. खोळंबा मोजला की वळणाकडे बोट दाखवलं जातं, अंतर मोजलं की वसाहतीच्या जागेकडे. आमच्या साहेबांनी हा मुद्दाही जमल्यास बघायला सांगितलं होतं. ‘जमल्यास’ म्हणजे सहसा कोणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी खरीखुरी वर्दळ मोजली आणि दुपारी रशीदभाईंना म्हटलं, चला सड्यावर. त्यांच्या मिनीडोरच्या किलोमीटरचा काटा कैक वर्षं एकाच आकड्यावर झोपलाय. “काटा काय करनार, चाकं फिरतात ना?” असं त्यांचं म्हणणं. मग माझ्या मोबाईलवर मोजत निघालो. वर वारा भन्नाट, खाली निळा समुद्र. जागा अशी की मलाच तिथे घर घ्यावंसं वाटलं. पण दूध? बोर्ली. दवाखाना? बोर्ली. शाळा, औषधं, एसटी? बोर्ली, बोर्ली, बोर्ली. सात किलोमीटर जायचे, सात यायचे, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी.

“आनि ज्याला गाडी न्हाय तो काय खानार, वारा?” रशीदभाई म्हणाले. हा मुद्दा मी अहवालात जसाच्या तसा घातला, फक्त भाषा रुक्ष केली.

परतताना त्यांनीच बोर्लीच्या बाजारामागची एक पडीक जागा दाखवली. बंद पडलेल्या भातगिरणीची, आता त्याच बिल्डरची. तिथून भाजीबाजार हाकेच्या अंतरावर, एसटी थांबा समोर. मी प्रत्येक ठिकाणी पायी जाऊन आले आणि प्रत्येक वेळी चहा प्यायले. वसाहत इथे झाली तर बहुतेक कामं चालत होतील, आणि तळेवाडीच्या वळणावरून तिच्या गाड्या जाणारच नाहीत.

त्या संध्याकाळी शेतात पोपटी लावली. (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा.) राख झटकून मडकं उघडल्यावर जो वास सुटला, अहाहा! सुलभाताई टेम्पोवाल्यावर अजून घुश्श्यात होत्या, तरी सगळ्यात खरपूस बटाटा त्यांनी त्यालाच दिला. मी मात्र शेंगा नुसत्या सोलत बसले. मोजणी खरी होती, पण तिच्यावरून काय ठरेल ते माझ्या हातात नव्हतं, आणि सुलभाताई एकदाही मला काही विचारत नव्हत्या.

निघताना श्रीवर्धनला उतरले. सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या, अंगणाअंगणात वाळत पडलेली सुपारी, पुढे एकदम समुद्र. वाळूत बसून मी अहवालाचं पहिलं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी ‘या वळणावर एक घर आहे’ असं लिहिलं आणि म्हसळा-माणगावमार्गे पनवेलची एसटी पकडली.

साहेबांनी अहवाल वाचून दोन दिवस मला छळलं. हे बोकडाचं परिशिष्ट कशाला? त्याच घरात मुक्काम केल्याचं का लिहिलंस? खरं आहे म्हणून, मी म्हटलं. काटछाट न करता अहवाल पुढे गेला. सुनावण्या झाल्या, सुनावणीवाली मंडळी सड्यावर जाऊन वारा खाऊन आली. मी दुसऱ्या कामांत अडकले, पण कुणी तळेवाडीचं नाव काढलं की हातातलं काम सोडून कान द्यायचे. एकदा हिशेब केला, त्या सकाळी वाडीनं फुकट किती किलोमीटर गाड्या पळवल्या असतील. माझ्या शास्त्रानं तो शुद्ध अपव्यय, आणि तरी तशी वाहतूक मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

परवा ऑफिसात फोन वाजला. “मॅडम, सुलभा जाधव बोलतेय. कागद आला. वसाहत बोर्लीला, भातगिरणीच्या जागेवर होणार. घराला हात लागत नाही.”

काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, “मग आता काय चाललंय?”

“रंग देतेय घराला. पाडायचंच आहे म्हणून तीन वर्षं दिला नव्हता.” मागून रशीदभाईंचा आवाज आला, कुठला आणू, कुठला आणू म्हणून. “थांबा, रशीदभाई विचारतायत. तुम्ही सांगा, कुठला देऊ?”

मी विचार करायला लागले, तोवर त्यांनीच फोन बाजूला धरून ओरडून सांगितलं, “निळा! पडवीलासुद्धा!”