ढिला बोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. आज तुमच्यापुढे बोलायला बसले आहे, तरी आधी बिवळ्याबद्दलच सांगावंसं वाटतंय — म्हणजे बघा, अजूनही टाळतेच आहे.

बिवळा हे औषधी झाड. त्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी मधुमेहाचे रोगी पितात. बी मात्र सहजासहजी रुजत नाही. म्हणून परळच्या आमच्या प्रयोगशाळेत सर त्याची रोपं बाटलीत वाढवू पाहत होते. साखर, क्षार, शहाळ्याचं पाणी असं घट्ट थिजवायचं, त्यावर कोवळ्या शेंड्याचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, आणि तोंडाला कापसाचा बोळा. आत बुरशी शिरली की खेळ खलास. असं काम तेव्हा फार थोडे लोक करत. मी त्यांतली एक — गिरगावातली, एम.एस्सी. झालेली. त्याचा तोरा होता मला, खोटं कशाला बोलू?

बोळे वळायचे भिकाजी. प्रयोगशाळेचे शिपाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, लोअर परळच्या चाळीत राहणारे, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. मी त्यांना अरेतुरे करायची. कापूस जाळीच्या कापडात गुंडाळून ते घट्ट पीळ देत आणि शेपूट आत दुमडत. एकदा मला म्हणाले, "बाई, ढिला बोळा म्हंजे उघडं दार. आधी पीळ द्या, मग बसवा." मी हसून सोडून दिलं. शिपायाकडून काय शिकायचं?

चौदा महिन्यांनी एका बाटलीत मूळ फुटलं. एकाच. सर त्या दिवशी पुण्याला गेले होते, भिकाजी रजा घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला. मी एकटीच होते. ते खरंच मूळ आहे की नुसता तंतू — मला राहवेना. हवेतले जंतू मारणारा स्पिरिटचा दिवा न पेटवताच बोळा काढला, चिमट्यानं ते हलवून पाहिलं. मूळच होतं! पण बोळा जमिनीवर पडला होता. मी घाईघाईनं दुसरा वळला आणि बसवला.

तिसऱ्या दिवशी आत काळी बुरशी.

मोर्च्याच्या दिवशीच, परतल्यावर, संध्याकाळी भिकाजी बाटल्यांची खोली पुसायला आले होते. सरांना तेवढं पुरलं. "रस्त्यावरची धूळ घेऊन तसाच आत शिरलास?" आमच्यातला एक जण पुटपुटला की, यांना स्वच्छता शिकवून येते थोडीच. घरच्या गॅलरीतून मोर्च्यांबरोबर घोषणा देणारी मी — ते ऐकून गप्प राहिले.

भिकाजींनी बाटली उचलली. बोळा निरखून पाहिला. पीळ नव्हता, शेपूट बाहेर.

"बोळा माझा न्हाय, सर."

"मग कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि थांबले. नाव घेणं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मग सरांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

एवढंच. तीन शब्द. भीती कसली होती मला? नोकरी जाण्याची नव्हती. सर रागावले असते आणि विसरले असते. हसं होईल, एवढीच भीती.

भिकाजींना बाटल्यांच्या खोलीतून काढलं आणि संडास धुवायला लावलं. ज्या कामापासून दूर जायला त्यांच्या घरानं दोन पिढ्या घालवल्या, तेच काम. आठवड्याभरात ते नोकरी सोडून गेले. पुढे शिवडीच्या गोदामात गोण्या उचलतात, असं कानावर आलं. शिवडी किती लांब? मी कधी गेले नाही.

राज्य झालं, आम्ही पेढे वाटले. त्यानंतरच्या वर्षी आमची अकरा रोपं जगली. शोधनिबंधावर सरांच्या नावाखाली माझं नाव छापून आलं.

जाताना भिकाजी एक पत्र्याचा डबा मागे ठेवून गेले होते, बोळ्यांनी काठोकाठ भरलेला. ती अकराही रोपं त्याच बोळ्यांखाली वाढली. डबा रिकामा होईपर्यंत मी ते वापरले.