तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

जुळे सोलापुरातल्या त्या चार मजली इमारतीत सिद्रामप्पा बिराजदार राहायला आले त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात सोसायटीने त्यांच्याबद्दल एक गोष्ट पक्की ओळखली होती, ती म्हणजे हा माणूस तीन कोटेशनांशिवाय काही विकत घेत नाही. मागच्या उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळली, टाकी कोरडी पडली, लोकांनी जिन्यात बोंब मारली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून सिद्रामप्पा शांतपणे तीन दुकानांचे बंद लिफाफे फोडत बसले. मोटर तिसऱ्या दिवशी बसली. साडेतीनशे रुपये वाचले आणि त्याच्या तिप्पट टँकरला गेले. हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही, पण टँकर हा वेगळा हेड आहे, खर्चाचं वेगळं खातं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

माणूस वाईट नव्हता, नोकरी तशी होती. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं ते स्टोअर्समध्ये क्लार्क होते. वस्तू कशी हवी ते इंजिनीअर लिहून पाठवणार, सिद्रामप्पा तीन दर मागवणार, आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता करणार आणि सगळ्यांत खालच्या दराभोवती गोल काढणार. त्या गोलातल्या दुकानदाराला एल-वन म्हणायचं. एकतीस वर्षांत त्यांनी किती गोल काढले असतील याचा हिशेब देवच करो. एकाही गोलावर ऑडिटने बोट ठेवलं नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता.

पण क्लार्क व्हायच्या आधी पाच वर्षं सिद्रामप्पा इंजिनावर होते, आणि खरी गोष्ट तिथे आहे. डिझेल असिस्टंट. ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहायचं, समोर सिग्नल दिसला की हात वर करून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, आणि दुसऱ्याने तोच पुन्हा म्हणायचा. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकू नये म्हणून ही पद्धत. लग्न नवं होतं तेव्हा ते रत्नम्माला याच्या गोष्टी सांगायचे. चुलीवर भाकरी टाकता टाकता ती हसायची, आणि हे स्वयंपाकघरात हात वर करून "हिरवा!" म्हणून ओरडून दाखवायचे.

फक्त एक गोष्ट त्यांनी तिला सांगितली नाही. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. भरतीच्या वेळी डॉक्टर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवत, त्यातले आकडे त्यांनी आधी जाऊन आलेल्या मित्राकडून पाठ करून घेतले होते. लबाडी होती, दुसरा शब्द नाही. इंजिनावर ते ड्रायव्हरच्या तोंडाकडे कान लावून असत. तो "हिरवा" म्हणाला की हे निम्म्या सेकंदात त्याच्यापेक्षा मोठ्याने "हिरवा" म्हणत. पाच वर्षं निभावलं. एक्क्याण्णव साली तपासणीत अंधाऱ्या खोलीत दिवा दाखवला, तिथे पाठांतर चाललं नाही. त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि स्टोअर्सच्या खुर्चीत बसवलं. घरी त्यांनी सांगितलं, डोळ्याला नंबर लागला. चष्माही करून घेतला, साध्या काचेचा.

आता इतक्या वर्षांनी हे उकरायचं कारण म्हणजे कुंभारी गावातली एका नातलगाकडची वास्तुशांत. तिथे पुतण्या शिवकुमारने लॅपटॉपवर रेल्वे चालवायचा खेळ दाखवला. हुबेहूब इंजिन, हुबेहूब ब्रेक, समोर रूळ. सिद्रामप्पांनी दहा मिनिटं गाडी चालवली. अकराव्या मिनिटाला ते लाल सिग्नल ओलांडून गेले आणि पडद्यावर तसं लिहून आलं. "माउस अडकला रे," ते म्हणाले. पण घरी परतताना रिक्षात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. लाल ओलांडला आणि कुणीही मेलं नाही. म्हणजे इथे त्यांना गाडी चालवायला हरकत नव्हती. पुन्हा ओलांडेन, पुन्हा पहिल्यापासून चालवेन, कुणाच्या बापाचं काय जातं? त्यांना एकदा, फक्त एकदा, सोलापूरहून गाडी काढून ती कुर्डुवाडीला नीट उभी करायची होती.

शिवकुमार म्हणाला, खेळासाठी साधा कॉम्प्युटर चालत नाही, गेमिंगचा लागतो, आणि तो सुटे भाग घेऊन जोडलेला स्वस्त पडतो. पेन्शनच्या फरकाचे साठ हजार आले होते. घरी त्यांनी सांगितलं, सोसायटीच्या कामाला कॉम्प्युटर पाहिजे. रत्नम्माने मान हलवली आणि शेंगा सोलत राहिली.

पहिल्यांदा ते कोपऱ्यावरच्या दिपालीच्या दुकानात गेले. दिपाली तिशीची, कॉम्प्युटर जोडायची आणि दुरुस्त करायची, आणि एकटीच दुकान सांभाळायची.

"मॅडम, गेमिंग कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं कोटेशन पाहिजे. बंद लिफाफ्यात."

"कोटेशन मग देते की काका. आदी सांगा, खेळणार काय?"

"त्याचा काय संबंध?"

"लई संबंध हाय. खेळ बघून भाग ठरतात. कुणाला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं, कुणाला प्रोसेसर. उगं सगळंच भारी घेतलं तर पैसे जातात, अन सगळंच हलकं घेतलं तर खेळ चालत न्हाय."

सिद्रामप्पांच्या कपाळावर आठी पडली. मी काय खेळणार हे विचारणारी ही कोण? दर मागितला, दर द्यावा. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने भर दुकानात रेल्वे-रेल्वे खेळणार म्हणून सांगायचं? ते तसेच बाहेर पडले आणि थेट नव्या पेठेत गेले. तिथल्या तीन दुकानदारांनी काहीही न विचारता लिफाफे दिले, याने त्यांचं मन अगदी प्रसन्न झालं.

तक्ता करायला त्यांना दोन दिवस लागले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. सात वस्तू, तीन दुकानं, एकवीस दर. प्रत्येक ओळीत सगळ्यांत खालचा आकडा शोधला, गोल काढला. प्रोसेसर पहिल्या दुकानातून, मदरबोर्ड तिसऱ्यातून, कॅबिनेट दुसऱ्यातून. गेमिंग म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड मोठंच हवं म्हणून एकट्या त्यालाच सव्वीस हजार ठेवले, पण तेही एल-वनच. बेरीज एकोणसाठ हजार आठशे झाली. तक्ता इतका देखणा होता की त्यांनी तो दोनदा वाचून पाहिला.

सातही खोकी घेऊन ते दिपालीकडे आले, जोडणीचे पैसे देतो म्हणाले. रत्नम्मा सोबत होती. भाजी आणायला निघालेली, पण खोकी जास्त झाली म्हणून तिच्या पिशवीतही दोन होती. दिपालीने प्रोसेसरचं खोकं उघडलं, मदरबोर्डचं उघडलं, आणि हातातलं हातात धरून थांबली.

"काका, ह्ये बसणार न्हाय."

"का? नवीन आहे."

"दोन्ही नवीन हायत. पण प्रोसेसर एका कंपनीचा अन बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी केलेला. ह्याची जागाच येगळी." तिने कॅबिनेट उघडून आतून मोजलं आणि ग्राफिक्स कार्डाच्या बंद खोक्यावर छापलेली लांबी वाचली. "अन ह्ये कार्ड ह्या डब्यात मावत न्हाय. चार बोटं भाईर येतंय. कुणी सांगितलं ह्ये घ्यायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. अडचण नेमकी तीच होती. सिद्रामप्पांनी घडी घातलेला तक्ता काढून तिच्यापुढे ठेवला. दिपालीने तो वरून खाली वाचला, आणि तिला हसू आलं असावं, पण तिने ते आवरलं.

"प्रत्येक ओळ बरोबर हाय काका. पण ओळी एकमेकींला वळकत न्हायत. लग्नाला नवरा एका गावचा घेतला, नवरी दुसऱ्या गावची, दोघांची गाठ कुणी घातलीच न्हाय."

सिद्रामप्पा स्टुलावर बसले. एकतीस वर्षं त्यांनी दर ताडून पाहिले होते. काय हवं, कशाला हवं, कशाशी जुळायला हवं, ते नेहमी वरून लिहून येत असे. त्यांच्या तक्त्याला तो रकानाच नव्हता. या वेळी वर लिहिणारे तेच होते, आणि त्यांनी तो कागद कोराच ठेवला होता. ही गोष्ट त्यांना लागली. साठ हजारांपेक्षा जास्त लागली.

"आता खेळणार काय ते सांगता का?" दिपालीने विचारलं.

सिद्रामप्पांनी रत्नम्माकडे पाहिलं. ती दुकानातल्या पंख्याखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. निदान तसं दिसत तरी होतं.

"रेल्वे," ते म्हणाले. "रेल्वे चालवायची आहे. पोरी, हसू नकोस."

दिपाली हसली नाही. तिने तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. रेल्वेच्या खेळाला एवढं मोठं कार्ड लागत नाही, ते सील न फोडता परत द्या, निम्म्या किमतीतलं पुरेल. उलट प्रोसेसर जरा बरा आहे तो राहू द्या, त्याला जुळणारा बोर्ड मी देते. उघडलेला बोर्ड दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला चालेल, बाराशे रुपयांची खोट येईल. रॅम आठ जीबीऐवजी सोळा. पॉवर सप्लायच्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, हा घालू नका, हा गेला तर सगळ्यांना घेऊन जाईल.

"अन लाईट पायजेत का? आजकाल सगळ्यांला आत रंगीत लाईट लागतात. लाल, हिरवे."

"नको," सिद्रामप्पा एवढ्या झटकन म्हणाले की दिपालीने मान वर केली. "रंगांचं मला काही काम नाही."

रत्नम्माने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

चार दिवसांनी कॉम्प्युटर घरी आला. सगळं धरून त्रेपन्न हजार दोनशे. सिद्रामप्पांनी फाईल केलीच. शेवटच्या पानावर, एल-वन न स्वीकारण्याचं कारण या मथळ्याखाली, त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं: वस्तू एकमेकींस जुळत नव्हत्या. चूक माझी. खाली सही आणि तारीख.

दुपारी तीनला जेवणं आवरल्यावर त्यांनी खेळ लावला. दिपालीने कुठल्याशा हौशी लोकांनी बनवलेला आपल्याकडचा मार्ग शोधून घालून दिला होता. पडद्यासाठी घरातला टीव्हीच जोडला होता. सोलापूरचा फलाट, मग यार्ड, मग उघडा माळ. इंजिनाचा आवाज नीट होता, कॉम्प्युटर कुठे अडखळत नव्हता. पहिला सिग्नल आला. दूरवर एक ठिपका. कुठला? त्यांना काही कळेना. त्यांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला, आणि ठिपक्यापासून बऱ्याच अलीकडे गाडी उभी केली. काहीच घडलं नाही. ती तशीच उभी राहिली, आणि ते तसेच बसून राहिले. चौतीस वर्षांपूर्वीची ती अंधारी खोली परत आली होती, आणि शेजारी ऐकून म्हणायला कुणी ड्रायव्हर नव्हता.

आत भांडी ठेवण्याचा आवाज थांबला. रत्नम्मा पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. असिस्टंटच्या जागेवर. तिने पडद्याकडे पाहिलं, मग हात वर केला.

"री," ती म्हणाली. अक्कलकोटकडची असल्याने ती नवऱ्याला अहो म्हणायच्या ऐवजी अशी कानडीत हाक मारायची. "हिरवा हाय."

सिद्रामप्पांनी मान वळवली.

"तुला... कधीपासून?"

"लगीन झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात. टोमॅटो आणले व्हते तुमी. किलोभर, सगळे कच्चे, हिरवेगार. अन लाल बघून आणले म्हणून सांगत व्हता." ती पडद्यावरून नजर न हलवता बोलत होती. "तवापासून भाजी मीच आणते की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इंजिनावर व्हता. बोलले असते तर उतरवलं असतं." मग म्हणाली, "तुमी कामावर गेलात की परत येईस्तोवर मी जेवायची न्हाय. ते बी तुमाला ठाऊक न्हाय."

पाच वर्षं एकटंच निभावलं अशी सिद्रामप्पांची समजूत होती. त्यांना त्या पाच वर्षांतल्या सगळ्या रात्रपाळ्या आठवल्या, आणि प्रत्येक वेळी दारातच उभी असलेली ती. डोळे भरून आले. चष्मा साध्या काचेचा होता, तो त्यांनी काढून टीव्हीजवळ ठेवून दिला.

"हिरवा हाय म्हणते मी," रत्नम्मा म्हणाली. हात अजून वरच होता. "गाडी लेट होतीय."

सिद्रामप्पांनी हात वर केला.

"हिरवा," ते म्हणाले, तिच्यानंतर, आणि गाडी सोडली.