मामींच्या गावाला जाणारी बस

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे अबुधाबीला राहायला आल्या. अल रीम आयलंडवर, एकोणिसाव्या मजल्यावर आमचं घर. सकाळी मी ऑफिसला, नवरा साइटवर, मुलगी शाळेत. मग आई काचेशी खुर्ची ओढून एकट्याच बसायच्या. संध्याकाळी आम्ही आलो की बोलायच्या, आणि बोलणं फिरून फिरून भुसावळवर जायचं.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांच्या भिंतीला लागून अकरा वर्षं एक तमिळ कुटुंब राहत होतं. त्या घरातल्या बाईंना सगळी कॉलनी मामी म्हणायची. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी आईंच्या माहेरून कोणी येऊ शकलं नाही, तेव्हा चाळीस दिवस मामींनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं. पुढे मामा रिटायर झाले आणि ती दोघं मुलाला घेऊन आपल्या गावी गेली. काही वर्षं पत्रं आली. मग इकडे सासऱ्यांची बदली झाली, घर बदललं आणि पत्रं थांबली.

"आजी, जस्ट सर्च हर ऑनलाइन ना," माझी मुलगी एकदा म्हणाली.

"काय नाव टाकू? मामी म्हणजे मामी."

"ओके, देन हर हजबंड?"

"मामा," आई म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. "दारावर पाटी होती गं, पण तिच्यावर नुसती इंग्रजी आद्याक्षरं. आडनाव असं नव्हतंच त्यांना."

गावाचं नावही आठवत नव्हतं. कुंभकोणमजवळ कुठेतरी आणि तिथे पितळेच्या समया बनतात, एवढंच.

इमारतीच्या रखवालदाराला इथे नातूर म्हणतात. आमचा नातूर तंजावरकडचा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आईंना बघितलं की लिफ्टचं बटण दाबून ठेवणारा. एकदा लिफ्टची वाट बघताना आईंनी त्यालाच विचारलं, आपल्या भुसावळी हिंदीत. तो एकदम हसला. "अम्मा, दीपवाला गाव? नाचियारकोविल! मेरा घर से एक घंटा."

त्या दिवशी आई जेवल्या नाहीत नीट. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "तुला सुट्टी मिळेल का गं?"

नवऱ्याच्या साइटवर शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम होतं, त्याला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं आणि मुलीची शाळा होती. तो म्हणाला, पॅकेज टूर घ्या, आईला या वयात बसमधून हिंडवू नकोस. मीही लॅपटॉपवर आठ दिवसांचा बेत आखला. त्रिची, तंजावर, कुंभकोणम, मदुराई. हॉटेलं शोधायला लागले तर स्वस्तातल्यांचे फोटो बघून भीती वाटायची आणि बऱ्यापैकींचे भाव बघून. नातूरला दाखवलं तर त्याने मान हलवली.

"ऑनलाइन मत करो मॅडम. उधर फोटो अलग, रूम अलग. बस स्टँड जाओ, तीन-चार लॉज देखो, बाथरूम देखो, बाद में हाँ बोलो. खलास."

मग त्याने चार कागदांवर तमिळमध्ये काहीबाही लिहून दिलं. एक बससाठी, एक लॉजसाठी, एक जेवणासाठी आणि एक मामींच्या घराची चौकशी करायला. मला वाचता येत नव्हतं. मी ते पासपोर्टच्या पाकिटात ठेवले.

त्रिचीच्या विमानात बायका आम्ही मोजून सात-आठच. बाकी सगळे सुट्टीवर निघालेले कामगार, मांडीवर ब्लँकेटच्या पिशव्या. सकाळी उतरलो, बस स्टँडवर बसचा कागद दाखवला, तर एका माणसाने आमची बॅग उचलली आणि कुंभकोणमच्या बसमध्ये नेऊन ठेवली. बसमध्ये डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. आईंना खिडकी मिळाली. कावेरीचा फाटा, भाताची शेतं, केळी, पुन्हा शेतं. दोन-तीन तास त्या बाहेरच बघत होत्या. अबुधाबीत बघायच्या तशा नव्हे. एखाद्या ओळखीच्या माणसाला गर्दीत शोधावं तशा.

कुंभकोणमला पोचून लॉज शोधायला लागलो. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने आमच्या मागे बघून विचारलं, "जेन्ट्स?"

"नो जेन्ट्स. टू लेडीज."

"रूम नो."

दुसऱ्या ठिकाणीही तसंच. त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या, तरी रूम नव्हती. मी चिडले. इतकी वर्षं परदेशात नोकरी करणारी बाई मी आणि माझ्याच देशात खोली मिळायला सोबत पुरुष लागतो. आई पायरीवर बसून पाणी पीत म्हणाल्या, "चिडून काय होणार? तो कागद काढ."

तिसऱ्या लॉजचे मालक चष्मा लावलेले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग आईंकडे बघून इंग्रजीत विचारलं, "युवर सन इज इन अबुधाबी?"

"हो," आई म्हणाल्या.

"ही राइट्स, माय मदर अँड सिस्टर आर कमिंग. प्लीज गिव्ह देम ग्राउंड फ्लोअर, मदर्स नीज आर नॉट गुड."

मी काही सांगायला तोंड उघडलं. आईंनी माझा हात दाबला. त्यांचा मुलगा अबुधाबीतच होता, त्यामुळे त्यांचं 'हो' तसं खोटं नव्हतं. पण गुडघ्यांचं आईंनी आमच्या घरात कोणाला सांगितलं नव्हतं. लिफ्टपाशी रोज दोन मिनिटं भेटणाऱ्या माणसाला ते दिसलं होतं, मला नव्हतं.

"माय सन," आई त्या मालकांना म्हणाल्या. "गुड बॉय."

खोली तळमजल्यावरची, सातशे रुपये. "म्हणजे तीसच दिरहम," आई लगेच म्हणाल्या. दोन पलंग, पांढऱ्या चादरी, पंखा टकटक वाजायचा. बाथरूम मी आधी बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाऊन बस पकडली. कंडक्टरने आम्हाला तिकिटं दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी नोट पुढे करत राहिले, तो हात हलवत राहिला. शेवटी शेजारच्या बाईने सांगितलं, "लेडीज फ्री." आईंना पटेना. "आपण बाहेरच्या आहोत, सांग त्याला." मी सांगितलं. तो हसला आणि पुढे गेला.

नाचियारकोविलला उतरल्यावर समयांच्या पहिल्याच दुकानात चौथा कागद दाखवला. दुकानदाराने वाचून आत हाक मारली, आतून एक माणूस आला, त्याने वाचलं आणि दोघं एकदम म्हणाले, "भुसावळ वीडू!"

वीडू म्हणजे घर. रेल्वेतून रिटायर होऊन आलेल्या त्या कुटुंबाला गावाने इतकी वर्षं भुसावळवाले म्हणूनच ओळखलं होतं. आई तिथेच रडायला लागल्या. दुकानदार घाबरला, त्याने स्टूल पुढे केलं.

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दारात एक बाई रांगोळी पुसून झाडत होती, माझ्याच वयाची. ती मामींची सून; मुलगा नोकरीसाठी परगावी असायचा. आत झोपाळ्यावर मामी बसल्या होत्या. अगदी लहानशा झालेल्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. आईंनी वाकून नमस्कार केला. मामी तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, परक्या माणसाला म्हणावं तसं. सून आमच्याकडे बघत राहिली.

"मामी, मी वहिनी. भुसावळची. शेजारची," आई म्हणाल्या.

झोपाळा थांबला. मामींनी डोळे बारीक केले. मग स्वच्छ मराठीत, आमच्या खानदेशी हेलात म्हणाल्या, "काय गं बाई, किती वाळली तू! जेवत नाही का?"

सुनेच्या हातातली केरसुणी खाली पडली. वीस वर्षं या घरात असून तिने सासूच्या तोंडून ही भाषा ऐकली नव्हती. मामा तिच्या लग्नाआधीच गेले, आणि तेव्हापासून मामी ती कोणाशी बोलल्याच नव्हत्या.

मग काय विचारता! पाण्याचा नळ, समोरच्या क्वार्टरमधली भांडखोर बाई, उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या बाजा. मामींना दुपारी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण भरताचं वांगं कोणत्या काड्यांवर भाजायचं हे आठवत होतं. "कपाशीच्या काड्या, वहिनी. दुसऱ्या कशाने चव येत नाही." मी नेलेले खजूर त्यांनी एक एक करून खाल्ले.

माझा बेत तिथेच संपला. तंजावर नाही, मदुराई नाही. पाच दिवस आम्ही तीच बस धरून जात होतो आणि तीच बस धरून येत होतो. मामी राहा म्हणायच्या, पण आईंना त्या घरावर भार टाकायचा नव्हता. चौथ्या दिवशी कंडक्टर आईंसाठी पुढची सीट राखून ठेवायला लागला. मी आणि ती सून स्वयंपाकघरात असायचो. तिला हिंदी येत नव्हती, मला तमिळ. ती भांडं उचलून नाव सांगायची, मी मराठीत सांगायचे, आणि दोघी हसायचो.

निघताना मामी दारापर्यंत आल्या. "पुन्हा ये" असं त्या म्हणाल्या नाहीत. आईंच्या गालावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

अबुधाबीला परतल्यावर पहिल्या रविवारी आईंनी नातूरला जेवायला वर बोलावलं. तो सहा वर्षं त्या इमारतीत होता, पण कोणाच्या घरात जेवायला बसला नव्हता. आईंनी वांग्याचं भरीत केलं होतं, गॅसवर भाजलेलं. तो खाली मान घालून जेवला. "अम्मा, गुटना कैसा है?" एवढंच त्याने विचारलं. काही महिन्यांनी त्याची बदली अल ऐनला झाली.

मामी त्यानंतर दोन वर्षं होत्या. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि दोघी जणू मोबाइलमध्ये शिरल्यासारख्या कपाळ पुढे करून बोलायच्या. एका शुक्रवारी मामींच्या सुनेने एकटीनेच फोन केला. ती काय म्हणाली ते शब्द कळायची गरज नव्हती. आई फोन माझ्या हातात देऊन खुर्चीवर बसल्या.

आईंना जायचं होतं, पण आता प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तीन दिवसांची सुट्टी काढून मी एकटी गेले. त्रिची, कुंभकोणम, मग टाऊन बस. सून स्टॉपवर उभी होती. तिने माझ्या हातातली बॅग घेतली, लॉजबद्दल काही विचारलंच नाही. त्या दिवशी आम्ही झोपाळ्यावर बसून जेवलो. ती तमिळमध्ये मामींचं सांगत होती, मी मराठीत.