सुटलेली जीप

तळोद्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आमच्या साप्ताहिकासाठी व्यंगचित्र काढतो. दर अंकात तोच माणूस असतो. हातात एक चप्पल घेऊन तो धडगावच्या भरलेल्या जीपमागे पळतो आणि जीप त्याला सोडून जाते. वाचक खूप हसतात.

पेंटर स्वतः हसत नाही. आधी तो जीप काढतो, टपावरची माणसंही सावकाश भरतो. पळणाऱ्याला मात्र सगळ्यात शेवटी काढतो आणि पुष्कळदा खोडून आणखी थोडा मागे नेतो.

यंदा दिवाळी अंकासाठी मी म्हणालो, "भाऊ, एकदा तरी बसवा की त्याला जीपमध्ये."

तो रॉकेलच्या डब्यात ब्रश ढवळत राहिला.

"हाऊ मन्हा धाकला भाऊ शे," तो म्हणाला. "त्या दिन त्याले जीप भेटनी व्हती."

ती जीप घाटातून दरीत कोसळली होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग त्याने कोरा कागद ओढला, जीप काढली आणि भावाला इतकं मागे नेलं की त्याची पाठ चौकटीला टेकली.

"दर आठवडाले मी त्याले मांगे ओढस," तो म्हणाला, "तरी तो घर येत नही."