शेवटच्या शेताचे पाणी

वाफ्यात पाणी शिरताना पाहिले की मी केलेली ती अटक अजून डोळ्यांपुढे उभी राहते.

बेचाळीसनंतरची ती वर्षे. कवठे महांकाळच्या बाजूला मी नवा फौजदार होतो. तिकडच्या कित्येक गावांत सरकार नावापुरते उरले होते. भांडणांचा निवाडा भूमिगत करत. झाड कोणी तोडायचे, ओढ्याचे पाणी कोणी कधी घ्यायचे, तेही तेच ठरवत. एका गावचा पाटील ठाण्यात खबर घेऊन आला. बंधाऱ्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आधी त्याच्या मळ्याला मिळे. भूमिगतांनी क्रम उलटा केला होता. पाटाच्या टोकाचे शेत पहिले, पाटील शेवटी. हा क्रम लावणारा फरारी गावातच येतो, असे त्याचे म्हणणे.

टोकाचे शेत एका विधवा म्हातारीचे होते. घरात दुसरे माणूस नाही. मी जबाब घ्यायला गेलो, तर तिने आधी भाकरी वाढली.

"आजी, कांद्याला पाणी कोण पाजतं?"

"मीच की रं. दुसरं कोण हाय?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. दिवसभर पाण्यात उभे राहून दारे धरणाऱ्याच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हातारीच्या टाचांना नुसत्या कोरड्या भेगा होत्या; पाणी दुसरेच कोणी पाजत होते.  मी भाकरी संपवली आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "आता तुमची पाळी कवा?"

"बेस्तरवारी," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आम्ही शेजारच्या जोंधळ्यात दबा धरला. तो फरारी आला, धोतर खोचून, खोरे घेऊन वाफ्यात उतरला. शिपायांनी बेड्या घातल्या तेव्हा त्याने हिसकाही मारला नाही.

"फौजदार, मला न्या. पर पाणी सोडलंय. चार वाफं ऱ्हायल्यात, तेवढं भिजू द्या."

जमादार हसला. "गड्या, तुरुंगात जाताना बागायत करून जातोस व्हय?"

म्हातारी भाकरीचे फडके घेऊन बांधावर उभी होती. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. मी बूट काढले आणि खोरे उचलले.

"आवं, दार फुटतंय! माती वढा! डाव्या अंगानं!" तो बांधावरून ओरडू लागला.

"गप बसा. कैदी आहात तुम्ही."

"मी हाय. कांदा न्हाई."

शेवटचा वाफा भिजल्यावर म्हातारीने शिपायांसकट सगळ्यांना भाकरी दिली. त्याचे हात बांधलेले, म्हणून त्याला तिने आपल्या हाताने भरवले. मग आम्ही त्याला घेऊन निघालो.

मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. तिच्या भाकरीची फेड मी चार वाफ्यांत केली, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पुढच्याच आठवड्यात ती चालत ठाण्यात आली. भूमिगत गावात येईनासे झाले होते आणि पाटलाने पाट अडवला होता.

"सायेब, आमची पाळी कवा? ती मान्सं हुती तवा ती सांगायची. आता तुमचं राज्य हाय न्हवं? मग तुमी सांगा."

तिच्या बोलण्यातला 'रं' गेला होता, 'सायेब' आला होता. मी वर विचारले. पाणी वहिवाटीने पाटलाचे, असे उत्तर आले. कांदा वाळला.

गुन्हेगार पकडला की काम संपले, असे मी शिकलो होतो. त्याला उचलल्यावर मागे कोणाचे शेत उघडे पडते, ते बघायचे असते, हे मला तिने शिकवले. ती ठाण्यात आली त्या दिवशी मी तिला बाकावर बसवले आणि तांब्या पुढे केला. सरकारजवळ तिला देण्यासारखे तेवढेच पाणी होते.