मामांच्या मागे लागलेली दिल्ली

या देशातल्या यच्चयावत राजकीय पक्षांना ज्याचा धाक आहे असा माणूस घोरावाडी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं. गावाची वीज जाते, पण मामांच्या मते ती फक्त त्यांची जाते. "परवा ग्रामसभेत बोललो न्हवं, त्याचं हे." रस्त्याला खड्डा पडतो तोही त्यांच्या स्कूटरचा नेम धरून. एकदा टोलनाक्यावर माझ्या गाडीचा फास्टॅग चालेना, तर मामा शेजारून कुजबुजले, "जावईबापू, वरनं फोन आलेला दिसतोय." मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा "ही त्यांचीच माणसं" म्हणून त्यांनी काच वर घेतली. आता बोला!

अशा माणसाला आयकर खात्याची खरीखुरी नोटीस आल्यावर काय झालं असेल? मामी रडवेली झाली आणि मामा चक्क ताठ झाले. गुन्हाही त्यांना लगेच सापडला. आमच्या मावळातल्या लग्नात मंगलाष्टकं उरकतात पटकन, पण आजी, माजी आणि भावी पुढाऱ्यांची नावं मानाच्या क्रमानं माईकवर घेतल्याशिवाय नवरानवरी हलत नाहीत. हा माईक वर्षानुवर्षं मामांच्या हातात. सोमाटण्याच्या एका लग्नात त्यांनी सत्तेतल्या पुढाऱ्याचं नाव मांडववाल्याच्या नंतर घेतलं होतं. ही चहाडी केली कुणी? तर त्या पक्षाचं काम करणाऱ्या किसनरावांनी! किसनराव म्हणजे मामांचे पाटीपेन्सिलीपासूनचे दोस्त. रोज सकाळी दोघं एकाच टपरीवर भांडत चहा प्यायचे. दुसऱ्या दिवसापासून मामा घरी, एकटे, पेपरशी भांडत चहा प्यायला लागले. तो चहा त्यांना गोड लागत नव्हता, हे मामीला दिसत होतं.

शेवटी मी त्यांना ओढून तळेगावच्या सीएबाईंकडे नेलं. त्यांनी बँकेचे कागद चाळले आणि विचारलं, "काका, दर चैत्रात तुमच्या खात्यावर एवढे पैसे कुठून येतात?"

"ती जत्रंची वर्गणी की!" मामा म्हणाले.

गावानं देवस्थानचं खातं कधी उघडलंच नव्हतं. मामा असताना बँक कशाला! देवळाच्या खांबावर चिकटवलेला क्यूआर कोडसुद्धा मामांचाच. त्यामुळे पालखी, बँडबाजा आणि कुस्त्यांचा आखाडा ही सगळी सरकारदरबारी मामांची कमाई झाली होती. बाईंनी जत्रेच्या पावत्या जोडून उत्तर पाठवलं आणि काही महिन्यांत प्रकरण मिटलं. आम्ही पेढे घेऊन बाईंकडे गेलो, तर मामांनी त्यांना हळूच विचारलं, "पर माझं नाव वर सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही, काका. कॉम्प्युटर निवडतो. तिकडं तुम्हाला कोणी ओळखतसुद्धा नाही."

मामांचा चेहरा असा पडला, की बाईंनी घाईघाईनं पाणी मागवलं. मला वाटेत हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. स्टेशनाजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. टपरीवर किसनराव एकटेच बसले होते. मामा पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"किसन, चुकलं माझं. उगाच तुज्यावर आळ घेतला. कुणीबी काय सांगितलं न्हवतं. मला कुणी वळकतच न्हाई म्हनं तितं."

किसनरावांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले. "मीच गेलतो वरती. तू माईक धरलास की आमची मतं फुटत्यात. लय तरास व्हतोय तुजा."

"बघा, जावईबापू!" मामा असे ओरडले, की टपरीवाला दचकला. "मी म्हनत न्हवतो?" आणि त्यांनी किसनरावांना मिठीच मारली.

आता प्रत्येक लग्नात मामा ही हकिकत सांगतात आणि किसनराव मान खाली घालून गुन्हा कबूल करतात. गावातली पोरं त्यांना तोंडावर चहाडखोर म्हणतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "किसनराव, खरं सांगून टाका की." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बरा जेवतोय आता तो." त्या दिवसापासून मी मामांना हसतो, पण मनातून त्यांचा हेवा करतो. माझ्यासाठी एवढं खोटं बोलणारा माणूस मला या वयात कुठून मिळायचा?