शिट्टीबाईंची पट्टी

शिट्टीबाईंच्या ग्राउंडवर पळण्याआधी वीस उड्या माराव्या लागत. जागच्या जागी, हात मांड्यांना चिकटवून, बाईंच्या समोर, एकेकटीनं. बाकीच्या मुली रांगेत उभ्या राहून बघत. बाई उड्या मोजत नसत. त्यांची नजर मुलीच्या गळ्याखाली रोवलेली असे आणि तिथं जरा काही हललं की तोंडातली शिट्टी वाजे. वाजली की मुलीनं मान खाली घालून सामानाच्या खोलीत जायचं, शर्ट काढायचा, छातीवरची पट्टी सोडायची, पहिल्यापेक्षा आवळून बांधायची आणि परत येऊन पुन्हा वीस उड्या.

पट्टी म्हणजे मुरगळलेल्या पायाला गुंडाळतात ते क्रेप बँडेज. काखेपासून बरगड्यांपर्यंत दोन गुंडाळ्या आणि शेवटी दोन सेफ्टी पिना. ब्रा चालत नसे. "ती मिरवायची वस्तू आहे, पळायची नाही," असं बाई म्हणत.

वय पंचेचाळीस, अंगावर मांस नाही, खांदे पुढे आलेले. शिट्टी गळ्यात नसेल तेव्हा तोंडात, म्हणून शिट्टीबाई. पाठीमागे मुली त्यांना 'इस्त्री' म्हणत. दोन्हीकडून सपाट आणि हात लागला की चटका. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकून बरंच वाटे.

इस्त्री काही जन्मापासून सपाट नव्हती. तेरा वर्षांच्या असताना शाळेत त्यांच्यापुढे पळणारं कुणी नव्हतं. मग सहा महिन्यांत छाती भरली. पळताना अशी ठणकायची की उतारावर दोन्ही हातांनी धरून पळावं लागे. शाळेच्या भिंतीवर बसणारं टोळकं पावलागणिक तोंडानं 'धप्, धप्, धप्' असा ठेका धरू लागलं. आई म्हणाली, आता पळणं बंद. आत्या मात्र तशी सोडणारी नव्हती. तिनं जुनी चादर फाडली, पोरीला भिंतीकडे तोंड करून उभी केली, पाठीत गुडघा रोवला आणि गाठ मारली.

"आत्या, श्वास नाही येत."

"लागेल तेवढा येतो. मर पाहिजे तर, पण हसू होऊ नको."

ती पट्टी बाईंनी अकरा वर्षं बांधली. उन्हाळ्यात खाली घामोळं उठे, घामोळ्याची जखम होई, जखमेवर पुन्हा पट्टी. एकदा बरगडी दुखावली ती आजही कूस बदलताना आठवण करून देते. पण विभागीय स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या, वर्तमानपत्रात फोटो आला आणि त्या फोटोच्या जोरावर पुढे काही वर्षांनी या ग्राउंडवर मुलींना शिकवायची नोकरी लागली. बाईंनी मनाशी गाठ बांधली ती तेव्हाच. जे काही मिळालं ते पट्टीनं दिलं. जगात मुली दोनच तऱ्हेच्या, बांधलेल्या आणि हसू झालेल्या.

नोकरी दरवर्षी नव्या पत्रावर चाले. यंदाचं पत्र देताना क्रीडा समितीचा सेक्रेटरी म्हणाला, "बाई, चौदा वर्षांत तुमची एकही मुलगी निवडीत गेली नाही. यंदा एक तरी पाठवा. नाहीतर सकाळची वेळ मुलांच्या फुटबॉलला देऊन टाकतो. तुम्हालाही जरा विश्रांती."

'विश्रांती' ऐकताच बाईंनी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं. घरी दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेले वडील. शिट्टीशिवाय दुसरं काही त्यांना वाजवता येत नव्हतं.

नशीब असं की यंदाच ढांग होती. सोळा वर्षांची, बसड्रायव्हरची मुलगी. पाऊल एवढं लांब टाके की पहिल्याच दिवशी पोरींनी नाव ठेवलं ढांग. पंधराशे मीटर, म्हणजे पावणेचार फेऱ्या, पाच मिनिटांच्या आत मारल्या की निवड झाली. ढांग सरावात पाच-तीन, पाच-चारला येई. ते तीन-चार सेकंद बाई झोपेतसुद्धा खरवडत होत्या. अडचण एकच, पोरगी अंगानं भरलेली. बाकी सगळ्यांना मिळून जेवढी शिट्टी वाजे तेवढी एकट्या ढांगला वाजे.

"बाई, तिसऱ्या फेरीला श्वास आतच जात नाही."

"श्वास नाकानं घेतात. छातीचा नाद सोड."

मुली हसल्या. बाईंच्या विनोदाला हसावंच लागे.

शर्यतीला तीन आठवडे राहिले असताना एका सोमवारी ढांगनं वीस उड्या मारल्या आणि शिट्टी वाजली नाही. बाईंनी आणखी वीस मारायला लावल्या. तरी नाही.

"आज कशी गं शहाणी झालीस? किती गुंडाळ्या?"

"पट्टी नाही बाई. स्पोर्ट्स ब्रा आहे. मावशीनं माप घेऊन दिली." पोरीचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हता. "दुखतच नाही!"

बाई काही बोलणार तोवर ती पळायला लागलीसुद्धा. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. तोंड मिटलेलं, खांदे सैल. शेवटच्या वळणावर सेक्रेटरी मोटारसायकल टेकवून उभा होता. ढांग त्याच्यासमोरून गेली तशी त्याची मान तिच्याबरोबर वळत गेली. बाईंनी घड्याळ दाबलं. चार मिनिटं अठ्ठावन्न.

"वा बाई!" सेक्रेटरी लांबूनच ओरडला. "यंदा प्रेक्षकांची सोय केलीत म्हणायची!"

त्याच्याबरोबरचे दोघं फिदीफिदी हसले. बाईंच्या कानात तीस वर्षांपूर्वीची भिंत वाजायला लागली. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पुन्हा पाहिलं. हे घड्याळ त्यांनी चौदा वर्षं स्वतःच्या डोळ्यांइतका विश्वास ठेवून वापरलं होतं. आज त्या मनाशी म्हणाल्या, बटण उशिरा दाबलं गेलं असणार. आणि आकडा पुसून टाकला.

ढांग धापा टाकत आली. "किती बाई?"

"पाच-सहा. ते काढ आणि इकडे दे. दाखवायची एवढी हौस असेल तर त्याला दुसऱ्या जागा आहेत, ग्राउंड नाही."

सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या. पोरीच्या तोंडावरचा रंग उतरला तरी थांबल्या नाहीत. ब्रा कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी ढांगची मावशी आली. ठेंगणी, ठसठशीत, पंधरा वर्षं बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानात उभी असलेली. समोरच्या बाईकडे एकदा बघितलं की तिला माप कळे. बाईंकडेही तिनं तसंच एकदा बघितलं, आणि बाईंनी नकळत हाताची घडी घातली.

"बाई, मोटारीला स्प्रिंगा लागतात, पोरीला नकोत का?"

"हे ग्राउंड आहे, दुकान नाही."

"म्हणूनच सांगते. छातीत हाड नाही, स्नायू नाही. कातडी आणि आतले धागे, एवढ्यावर ती लटकलेली. पळताना वर-खाली, आत-बाहेर, सगळीकडून हिसके बसतात. त्याला पकड पाहिजे. खालचा पट्टा असा बसला पाहिजे की दोन बोटं जातील आणि बरगडी फुगेल. तुमच्या बँडेजात पोरगी दाबली जाते, सांभाळली जात नाही. मुटकुळं बांधताय तुम्ही!"

"मी अकरा वर्षं बांधलं. विभागात दुसरी आले."

"असं?" मावशीनं डोळे बारीक केले. "आणि पहिली आली तिनं काय घातलं होतं?"

बाईंना ती मुलगी लख्ख आठवत होती. शेवटच्या फेरीत मोकळा श्वास घेत शेजारून निघून गेली होती. बाई ताठ झाल्या.

"हे बघा ताई, स्पर्धेच्या फॉर्मवर सही माझी लागते. पट्टी बांधून येणार असेल तर सही. नाहीतर न्या तुमची स्प्रिंग घरी."

मावशी तावातावानं पुढे सरसावली. ढांगनं तिचा हात ओढला. "जाऊ दे मावशी. मला पळायचंय."

सही झाली.

शर्यतीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत पट्टी बांधायला बाई स्वतः गेल्या. ढांगनं शर्ट वर केला. छातीखालची घडी लालभडक सोललेली होती, एका बाजूला पाणी सुटलेलं. काखेत पिनेचे जुने-नवे ओरखडे. बाई वाकून बघू लागल्या. त्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांच्या स्वतःच्या अंगावर याच जागा होत्या, आता नुसते काळे डाग राहिलेले.

"खूप आग होते का?" त्यांनी विचारलं.

पोरीचे डोळे भरले. इतक्या दिवसांत बाईंनी पहिल्यांदाच विचारलं होतं. "हो बाई."

"पळायला लागलीस की कळणार नाही." बाईंनी पाठीत गुडघा रोवला. बाहेर स्टँड भरलं होतं, सेक्रेटरी पहिल्या रांगेत होता. त्यांनी तिसरी गुंडाळी उघडली. रोजच्यापेक्षा एक जास्त.

पहिल्या दोन फेऱ्या ढांग पुढे होती. बाई ट्रॅकच्या कडेनं तिच्याबरोबर पळत होत्या, शिट्टी फुंकत होत्या. तिसऱ्या फेरीला पोरीचं तोंड उघडलं. मासा पाण्याबाहेर काढावा तसं. हात वर वर जायला लागले, मान मागे पडली. एक मुलगी पुढे गेली, मग दोन. "नाकानं! नाकानं घे!" बाई ओरडत होत्या. पाठीमागच्या वळणावर ढांगची ती लांब पावलं एकदम आखूड झाली, मग चालायला लागली, आणि मग ती ट्रॅकवर बसली. ओठ निळे. बाकीच्या मुली तिला वळसा घालून निघून गेल्या. स्टँडमध्ये कुणीतरी शीळ घातली.

प्रथमोपचाराच्या तंबूत नेल्यावर डॉक्टरणीनं शर्ट वर केला आणि तिच्या तोंडातून शिवी निघाली. कात्रीनं कापायला लागली तर थरावर थर. "बरगडी हलायला जागा ठेवली नाही! पोरीला पळवताय का पुरताय? कुणी बांधलं हे?"

तंबूत सेक्रेटरी होता, बाई होत्या. ढांगनं दोन-तीनदा खोल श्वास घेतला. तोंडाला कुलूप घालायचं तिला सुचलंच नाही. ती खरं बोलणारी पोरगी होती.

"बाईंनी. रोज बांधायला लावतात. आधी उड्या मारायला लावतात, हलतं का बघायला."

डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकराला सेक्रेटरीनं ऑफिसात बोलावलं. बाहेरच्या बाकावर मावशी आणि ढांग बसल्या होत्या. बाईंना बघून मावशीनं तोंड फिरवलं. ढांग मात्र उठून जवळ आली, हळूच म्हणाली, "बाई, आजारी पडलेल्यांना पुन्हा एकदा वेळ देतात म्हणे. तुम्ही सांगितलं तर देतील. मी पाच मिनिटांत येते बाई, नक्की येते. विचाराल ना?"

"बघते," म्हणून बाई आत गेल्या. दार नीट लागत नसे, वीतभर उघडंच राहिलं.

"डॉक्टरणीनं लेखी तक्रार दिलीय," सेक्रेटरी आवाज उतरवून म्हणाला. "आता समितीपुढं दोनच वाटा. एक, तुम्हाला काढायचं, मुलींचा विभाग बंद, विषय संपला. दुसरी वाट, तुम्ही लिहून द्यायचं की मुली आपल्या मनानं पट्ट्या बांधत होत्या, तुम्ही वारंवार मना केलं होतं. मुलगी हरली म्हणून तुमच्यावर घसरली. खोटं बोलल्याबद्दल तिला दोन वर्षं बंदी. तुमचं पत्र चालू. मग यंदा निवडीचंही मी काही काढत नाही."

कागद टाईप करून तयारच होता. त्याला तिसरी वाट माहीत नव्हती असं नाही. बाईंनाही होती: खरं कबूल करायचं, पट्टी सोडायची आणि पोरीला पुन्हा पळू द्यायचं. बाहेर बाकावर बसली होती ती.

"तिला पुन्हा वेळ..." बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

बाईंनी कागद वाचला. मी गेले तर विभागच बंद होईल, मग बाकीच्या तेरा पोरींनी जायचं कुठं, असं त्यांच्या मनात आलं. माणूस आपली कातडी वाचवायला बसला की त्याला दुसऱ्यांचा असाच कळवळा येतो. वडिलांच्या औषधाची वेळ आठवली. ते भिंतीवरचं टोळकं आठवलं. पट्टीखाली सोललेली लाल घडीही आठवली, पण ती त्यांनी झटकली, आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ.

सेक्रेटरीनं बंदीच्या पत्राचा कोरा नमुना पुढे ओढला. "हं, त्या मुलीचं नाव? तुम्ही तिला काहीतरी टोपणनावानं हाक मारता."

"थांबा, सांगते," बाई म्हणाल्या. चूक व्हायला नको म्हणून त्यांनी हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात सांगितलं. पोरीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख.

बाहेर बाकावर आपलं पूर्ण नाव ऐकून ढांग ताडकन उठली. शर्ट खाली ओढून नीट केला, केस मागे सारले आणि दार ढकलून आत आली.

"बोलावलंत बाई?"